जानेवारीची खिडकी

बामणोदच्या शिवारात, सरोदेच्या मळ्यावर
रात्री बाराला पऱ्हाट्या पेटल्या.
सामना दीडला. तिकडे तेव्हा आठ वाजतात,
लोक जेवून स्टेडियमवर येतात म्हणे;
आम्ही स्टेडियमवरच जेवतो.
केळीच्या खोडाला टेकवलेला मोबाईल,
आणि आउटरला उभ्या केलेल्या मालगाडीसारखं
थांबत थांबत येणारं नेट.

लीलाधर फिरके लिव्हरपूलचा. जन्मापासून, म्हणतो,
म्हणजे नववीपासून,
चुलतभावाचा लाल टी-शर्ट अंगाला आला तेव्हापासून.
वैजयंती आर्सेनलची, आणि तिला आकडे पाठ:
कोण किती पळाला, कुणाचे किती पास वाया गेले.
"फॉर्म म्हणजे काय रे भो," ती विचारते,
"तीन सामने, की तीन वर्षं?
तुझा फॉर्म कव्हापासून धरायचा आम्ही?"
फिरके मीठ शोधू लागतो.

मग खिडकीचा विषय.
जानेवारीची खिडकी उघडी, थंडी आत येतेय,
आणि कुठला तरी पोरगा, एकवीस वर्षांचा, डाव्या पायाचा,
नऊशे कोटींना इकडून तिकडे जाणार अशी आवई.
नऊशे कोटी.
सरोदेनं मनातल्या मनात केळीच्या भावानं भागलं.
"सावद्यापासून मनमाडपर्यंत वॅगनी लागतील," म्हणाला,
"घड मोजता मोजता पोराचं खेळायचं वय निघून जाईन."

"पैशापायी गेला तो गद्दार," फिरके.
"दोन हजार वाढले तर जळगावची कंपनी सोडलीस तू."
"मी काय छातीवरचा बिल्ला चुंबला होता?"
"आयकार्ड तर होतं ना गळ्यात."
हसण्याच्या नादात दोन वांगी करपली.

वांगी फिरवत होता जहांगीर तडवी.
आमचा गोली. लोको शेडमधला फिटर,
ज्याच्या हाताला ग्रीस सुटत नाही आणि चेंडूही.
रेल्वे ग्राउंडवर, जिथे पेनल्टीचा ठिपका
दर रविवारी पावलं टाकून नव्यानं ठरतो,
तो अकरा वर्षं एकाच जाळीपुढे उभा आहे.
जाळीही अशी, की गोल झाला का बाजूनं गेला
यावर निम्मा सामना भांडणात जातो.

साल सोलता सोलता, बोटांवर फुंकर घालत
तो म्हणाला, "मले दौंड आलं."

मोबाईलमधलं चाक तेवढं फिरत राहिलं.

"ऑर्डर?"
"सोमवारी."
"फी किती?" फिरके. सवयीनं.
"सामानाचा ट्रक. आन् जॉइनिंगचे दहा दिवस."
"मेडिकल?"
"चष्मा लागला."
आधी वैजयंती हसली, मग आम्हाला हसता आलं.

मग त्याच्यावर चर्चा केली,
जशी करतो त्या सगळ्यांची, ज्यांना कधी भेटणार नाही:
वय छत्तीस. उजवा गुडघा. उंच चेंडूला भरवशाचा,
डावीकडे खाली झेपावताना जरासा उशीर.
दौंडला टीम असेल का? असेल. ग्राउंड? कोणाला माहीत.
लोनवर आणता येईल का त्याला,
शनिवारी रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसनं?
सरोदे म्हणाला, दोन महिने येईल, मग विकल्यासारखाच.
"विकला नाही," वैजयंती म्हणाली. "बदली आहे ही."
फरक काय, ते सांगितलं नाही तिनं,
आकडे पाठ असून.

बडगीत वांगी पडली. लसूण, हिरव्या मिरच्या,
शेंगदाणे, कांद्याची पात. ठोके सुरू झाले.
नेट आलं तेव्हा एकोणिसावं मिनिट आणि एक-शून्य.
कोणी मारला ते दिसलंच नाही.
दिसला नुसता गोलकीपर,
पाठमोरा, वाकून जाळीतून चेंडू काढणारा.

"चूक त्याचीच," फिरके म्हणाला.

जहांगीर केळीच्या पानावर भरीत वाढत होता.
"बचावाची," तो म्हणाला, मान वर न करता.
"मागं घेऊन पाय पुन्हा.
समोर कोनीच नव्हतं त्याच्या."